यंदा राजगड

कोजागरी झाली की माहेरच्या अंगणात माती येते. दादा आणि मी लहान होतो तेव्हा ती सायकलच्या कॅरिअरवर गोणीतून यायची. आता रोपवाटिकेतून पिशव्या भरून आणाव्या लागतात, कारण आमच्या भागात खणायला मोकळी जागाच उरलेली नाही. पण मातीच्या आधी घरात एक बैठक व्हावी लागते. यंदा किल्ला कसा करायचा, कुठल्या बाजूने बघायचा, कोण काय आणणार, हे सगळं त्या बैठकीत ठरतं. पुण्यात दिवाळीच्या सुट्टीत अशा बैठका घराघरांत, सोसायटी-सोसायटीत होतात आणि अंगणात किल्ला उभा राहिला, वर महाराज बसले की काम संपतं. आमच्याकडे तिथून पुढे अजून एक काम असतं. अंगणात जो किल्ला केला, तोच भाऊबीजेनंतर चढायचा, हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घालून दिलेला नियम आहे. त्याला जोडून दुसराही एक आहे. पुढच्या वर्षीचा किल्ला या वर्षीच्या गडावरून नुसत्या डोळ्यांनी दिसला पाहिजे.

गेल्या दिवाळीत आम्ही सिंहगडावर होतो. पाऊस नुकताच सरला होता, हवा स्वच्छ होती. कल्याण दरवाज्याच्या अंगाला उभं राहिलं की दक्षिणेकडे एक लांब पसरलेला डोंगर आणि त्याच्या मधोमध वर आलेला बालेकिल्ला दिसतो. माझ्या लेकीने हात लांब करून तो दाखवला, भाच्याने लगेच तिची री ओढली, आणि ठरलं. यंदा राजगड.

म्हणजे या एका दिवसाची वाट आम्ही वर्षभर पाहतो आहोत. गडावर एकच दिवस जातो. त्याआधीचा हा पंधरवडा मात्र सगळं घर गडावर असतं. जे चढणार आहेत ते असतात, आणि ज्यांना चढता येणार नाही तेही असतात. अण्णांना डॉक्टरांनी चढ-उतार बंद करायला सांगून काही वर्षं झाली. आई तर कधीच फार चढली नाही. तरी या दिवसांत घरातलं कोणी मागे राहिलंय असं मला वाटत नाही. गडावर जाण्याइतकंच गडावर जायचं ठरवणंही खरं असतं, हे मी माझ्या आईवडिलांकडे बघून शिकले आहे.

राजगड मातीत उभा करणं अवघड काम आहे. एखाद्या गडाला एक उंच, कडे तुटलेला डोंगर केला आणि वर सपाटी ठेवली की ओळख पटते. राजगडाचा पसारा तीन दिशांना आहे. मधे बालेकिल्ला, आणि त्याच्यापासून फुटलेल्या तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. एकीला दिलेली जागा दुसरीची कमी होते. पोरांनी आधी विटांचा सांगाडा रचला, पोकळीत दगड भरले, गोणपाटाचे तुकडे मातीच्या राड्यात भिजवून त्यावर अंथरले आणि हातांनी थापायला सुरुवात केली. अण्णा शेजारी स्टुलावर बसले होते, हातात काठी. संध्याकाळी सगळं बघून ते म्हणाले, "बालेकिल्ला बुटका झालाय. माचीवर उभं राहून वर बघताना मान दुखली पाहिजे." दोन्ही पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, थापलेलं सगळं उचकटलं आणि खाली आणखी विटा घातल्या. कुरकूर झाली नाही. आजोबा तो चढ चढलेले आहेत, हे त्यांना माहीत आहे.

संजीवनी माचीशी ते बराच वेळ अडले. ही माची लांब, चिंचोळी, तीन टप्प्यांनी खाली उतरत गेलेली. भाच्याने तिच्या कडेने एक तट ओढला आणि हात धुवायला उठला. अण्णांनी काठीने त्या तटाच्या बाहेर अजून एक रेघ मारली. दोन तट. आत एक, बाहेर एक, आणि मधे माणूस चालेल एवढा बोळ. का ते त्यांनी सांगितलं नाही. मुलं विचार करत बसली. मग लेकीने एक मातीचा मावळा उचलून आतल्या तटावर ठेवला, दुसरा शिपाई त्या बोळात ठेवला, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा बाहेरची भिंत फोडून आत आला तरी आत आलाच नाहीये." एवढ्या थोड्या शब्दांत संजीवनीची चिलखती तटबंदी मला आजवर कोणी सांगितली नव्हती. त्या बोळातून चालताना, बुरुजांच्या पोटातल्या जिन्यांनी खाली उतरताना भिंती आधीच तिथे असतात, त्या पाहून आपण थक्क होतो. मातीत त्या आपल्यालाच उभ्या करायच्या असतात, म्हणून 'का' हा प्रश्न आधी येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले आता दुकानात मिळतात. ते सुबक असतात, पण ते पोराला एकही प्रश्न विचारत नाहीत. म्हणून मला ते अजिबात आवडत नाहीत.

सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, करायला त्यांनी बांबूची कांडी आडवी ठेवून वर माती थापली आणि माती आवळत आल्यावर कांडी फिरवत फिरवत काढून घेतली. पलीकडून लेकीचा डोळा दिसला तेव्हा सगळ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या. पद्मावती तलावाला डब्याचं जुनं झाकण लागलं. बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं मात्र नावाप्रमाणे अर्धचंद्रच हवं होतं, म्हणून ते सिमेंटच्या चिमटीने हाताने केलं. शेजारच्या मुलाने सलाईनची नळी आणून कारंजं करून देतो म्हटलं. आमच्या पोरांनी नको सांगितलं, कारण राजगडावर कारंजं नाही. उतारांवर अळीव आणि मोहरी पेरली आहे. वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा होईल. वाटा रांगोळीच्या.

मावळ्यांचा खोका माळ्यावरून काढला की घरात सगळेच लहान होतात. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून दरवर्षी एखाद-दोन नवी चित्रं येतात, पण जुनी कोणी टाकत नाही. भाला गेलेला पहारेकरी, डोक्यावर घडा असलेली गवळण, गुहेत बसवायचा वाघ, हे सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असतात. मावळा दरवाज्याहून उंच असतो, वाघ बुरुजाएवढा. मापाच्या बाबतीत इतके कडक असलेले अण्णा इथे मात्र काही बोलत नाहीत. महाराज बसतात ते वसुबारसेच्या संध्याकाळी, बालेकिल्ल्यावर, आणि त्यांना बसवण्याचा मान घरातल्या सर्वांत धाकट्याचा.

अण्णांची एक वही आहे. गो. नी. दांडेकरांचं लिखाण वाचून पाठीला पिशवी अडकवणाऱ्या पिढीतले ते. कॉलेजात असताना एसटीने मार्गासनीला उतरून साखरवरून गुंजवण्यापर्यंत चालत गेले आणि तिथून गडावर. तेव्हापासूनच्या गडांच्या नोंदी त्या वहीत पेन्सिलने आहेत. तिच्यात दृश्यांची वर्णनं नाहीत. कुठलं टाकं पिण्यालायक, कुठली वाट पावसात टाळायची, कोणाच्या ओसरीवर ताक मिळालं, कुठे वारा रात्रभर झोपू देत नाही, असं सगळं आहे. राजगडाला त्यांनी बरीच पानं दिली आहेत. पाली दरवाज्याची वाट रुंद, पायऱ्यांची, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जमणारी. गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट खडी, शेवटी कातळात खोदलेल्या पावठ्या, आणि त्या छोट्या दरवाज्यातून वाकून बाहेर पडलं की एकदम समोर पद्मावती तलाव. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आहेत. वहीत एवढा उत्साह दुसऱ्या कुठल्याच ओळीला मिळालेला नाही.

आता संध्याकाळी ते ती वही मांडीवर घेऊन मातीच्या राजगडापाशी बसतात आणि मुलांना घेऊन गड चढतात. काठीचं टोक रांगोळीच्या वाटेवरून सरकत असतं. "इथे पाणी प्या. इथे घाई नको, रेलिंग धरा. इथे मागे वळून बघा." भाचा विचारतो, मागे काय? अण्णा सांगतात, गुंजवणं, भातखाचरं, लांबवर धरणाचं पाणी. मुलं खरोखर मागे वळून बघतात. मागे कुंडीतली तुळस आणि वाळत घातलेले कपडे असतात. मी रोज ऑफिसातून येताना वाकडी वाट करून या वेळेला तिथे पोहोचते. नवरा म्हणतो, यंदा तू सासरपेक्षा माहेरीच जास्त दिसतेस. खरं आहे. दिवाळीतली लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ सासरची आणि भाऊबीज माहेरची, ही वाटणी लग्नापासून ठरलेली आहे, पण किल्ल्याचा पंधरवडा या वाटणीत कधी बसला नाही.

आत स्वयंपाकघरात वेगळी तयारी चालू आहे. फराळ सगळ्यांकडे होतो. आमच्याकडे त्यातून गडाचा डबा वेगळा निघतो, आणि गडाचा डबा कसा भरायचा याचं आईचं शास्त्र पक्कं आहे. पातळ पोह्यांचा चिवडा घरात खायचा; पाठीवरच्या पिशवीत त्याचा भुगा होतो. गडाला भाजक्या पोह्यांचा चिवडा. चकली कितीही खुसखुशीत झाली तरी न्यायची नाही, तिच्याऐवजी कडबोळी, ती दणके सोसते. शंकरपाळे गोडे आणि खारे दोन्ही, खिशात ठेवायला. बेसनाचा लाडू चढताना घशात बसतो, म्हणून रव्याचा, आणि तोही लहान वळलेला. अनारसे घरीच राहतात. शिवाय दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे. डबा भरून झाला की आई तो कानाशी धरून जोरात हलवते. आतून खुळखुळ आली तर उघडून परत भरायचा. वहिनी पहिल्या वर्षी हे बघून गोंधळली होती. आता तीच डबा हलवते आणि आई कान देते.

एक डबा गुंजवण्याचा असतो. पायथ्याच्या एका घरी आम्ही वर्षानुवर्षं पिठलं-भाकरी खात आलो आहोत. त्या घरातल्या आजी आता नाहीत, त्यांची सून चूल सांभाळते. दिवाळीच्या सुमाराला मावळात भाताची कापणी चालू असते. अंगणात पेंढ्यांचे भारे, हवेत नव्या भाताचा वास, आणि घरातलं प्रत्येक माणूस शेतात. अशा ऐन कामाच्या दिवसांत आपण जाऊन जेवायला मागतो, याचं भान ठेवावं असं आईने आम्हांला शिकवलं. म्हणून आधी फोन करायचा, किती माणसं ते नेमकं सांगायचं, ठरलेल्या वेळी पोहोचायचं आणि फराळाचा डबा नुसता हातात ठेवून निघायचं नाही, बसून, चौकशी करून द्यायचा. येताना त्या डब्यात नवा तांदूळ येतो. त्या तांदळाचा पहिला भात आमच्याकडे कुळधर्माला शिजतो. अमुक गडावर किती वेळा गेलो याचा हिशेब लोक ठेवतात. मला या डब्याच्या जाण्या-येण्याचा अभिमान त्याहून जास्त आहे.

मुलांना पहाटे उठवण्याची काळजी यंदा नाही. नरकचतुर्दशीला अंधारात उठून उटणं लावून घेणं, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, हे त्यांना आवडतं. आईचं माहेर कोकणातलं, म्हणून कारीट हवंच, मग ते मंडईत कितीही शोधायला लागो. दिवाळीच्या पहाटे उठलेलं शरीर आठवडाभर तेच घड्याळ पाळतं. अण्णांनी गडाला भाऊबीजेनंतरचा मुहूर्त का निवडला असेल, याचं एक कारण मला हेही वाटतं. दुसरं कारण ऋतूचं. पावसाळ्यात राजगडाच्या वाटा शेवाळतात, ढगात दहा पावलांवरचं दिसत नाही. वैशाखात कातळ तापतो. दिवाळीत मात्र टाक्यांना पाणी असतं, सोनकी-तेरड्याचा बहर ओसरून गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं आणि क्षितिज लांबवर मोकळं झालेलं असतं. आमच्या दुसऱ्या नियमाला असंच क्षितिज लागतं.

या गडाची मला इतकी ओढ का, असं लेकीने परवा विचारलं. रायगडावर राज्याभिषेक झाला, प्रतापगडावर अफजलखान पडला, असं एका वाक्यात सांगता येतं. राजगडावर काय झालं? मी तिला सांगितलं, राजगडावर घर होतं. आधी मुरुंबदेवाचा डोंगर होता तो. तोरण्यावर सापडलेलं धन तिथल्या बांधकामाला लागलं असं सांगतात. रायगडावर राजधानी जाईपर्यंत जवळजवळ पाव शतक महाराजांचा कारभार आणि संसार इथूनच चालला. सईबाई इथेच वारल्या, १६५९च्या सप्टेंबरात. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. आणि त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली ती भेट झाली. शाळेत आपण या दोन घटना वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. पद्मावती माचीवर सईबाईंच्या समाधीपाशी उभं राहिलं की त्या एकाच घरात, एकाच पावसाळ्याच्या शेवटी घडलेल्या आहेत हे ध्यानात येतं. बायको गेलेली, अंगावर सव्वादोन वर्षांचं पोर, आणि दारात विजापूरची फौज. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. जे १२ राखले त्यांत राजगड होता. आग्र्याहून सुटून १६६६मध्ये महाराज परत आले ते याच गडावर, आईपाशी. १६७०मध्ये राजारामांचा जन्म झाला तोही इथलाच. मरण, जन्म, परत येणं. लेक बराच वेळ गप्प होती. मग तिने मातीच्या पद्मावती माचीवर एक छोटा चौथरा केला आणि त्यावर झेंडूची एक पाकळी ठेवली. ती समाधी दाखवायची तर ती एवढीच दाखवावी.

२०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यांत आहे. बातमी आली त्या दिवशी अण्णांनी शेजाऱ्यांना पेढे दिले, घरात कोणी परीक्षेत पहिलं आल्यासारखे. मलाही आनंद झाला आणि पोटात कालवाकालवही झाली. सुट्टीच्या दिवशी चोर दरवाज्याखाली लागलेली रांग मी पाहिली आहे. कमरेला स्पीकर लटकवून, गाणी लावून चढणारे, तटाच्या जंग्यांमध्ये पाण्याच्या बाटल्या खोचून जाणारे पाहिले आहेत. जंगी म्हणजे बंदुकीसाठी तटात ठेवलेलं भोक. त्यात बाटली कोंबणारा हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गर्दी होणार, ती थांबवता येणार नाही, आणि थांबवूही नये. गड सगळ्यांचा आहे. पण जो माणूस पंधरा दिवस मातीत हात घालून ती जंगी स्वतः कोरतो, तो तिच्यात कचरा टाकत नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेने दिवाळीआधी पोरांकडून एक किल्ला करून घ्यावा, नुसता किल्ला नाही तर अमुक एक किल्ला, नकाशा बघून, असं मला मनापासून वाटतं. आमच्या पोरांच्या पिशव्यांत कापडी थैल्या आहेत. आपला कचरा खाली आणायचा, आणि दुसऱ्याचा जमेल तेवढा.

बेत ठरवताना वाद झाला तो तोरण्यावरून. दादाला संजीवनीवरून अळू दरवाज्याने उतरून डोंगरधारेने थेट तोरणा गाठायचा होता. एकाच दिवसात राजगड चढून, ती धार चालून, तोरणा करून वेल्ह्याला उतरायचं. तरुणपणी त्याने आणि त्याच्या मित्रांनी ते केलं आहे, आणि ती चाल सह्याद्रीतल्या देखण्या चालींपैकी आहे यात शंका नाही. दोन्ही बाजूंना दऱ्या, पुढे बुधला माचीचा सुळका सतत खुणावत असतो. पण मी नको म्हटलं. मुलं अजून लहान आहेत हे एक, आणि राजगड घाईत ओलांडून जाण्याचा गड नाही हे दुसरं. तीन माच्या आणि बालेकिल्ला नीट बघायचा तर दिवस पुरत नाही. ज्या चंद्रतळ्याला मुलांनी एक आख्खी संध्याकाळ दिली, त्याच्याकडे धावत जाऊन कसं बघणार? संजीवनीच्या टोकाशी बसावं, दशमी सोडावी, समोर तोरणा बघावा. तो १४०३ मीटरचा प्रचंडगड तिथून अख्खा दिसतो. बघून उठावं आणि परत फिरावं. दादाने बराच वेळ युक्तिवाद केला. शेवटी अण्णांनी वही मिटली आणि म्हणाले, "तोरणा पुढच्या वर्षी. दिसतोच आहे." नियमात बसत होतं. दादाचं समाधान झालं, कारण त्याला तोरणा मिळणार होता.

बेत असा आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं. नसरापूर फाट्याला महामार्ग सोडायचा, वाटेत बनेश्वराच्या देवळात थोडं थांबायचं, कारण आईला तिथली झाडं आवडतात. मार्गासनीवरून संध्याकाळी गुंजवणं. पूर्वी पद्मावतीच्या देवळात मुक्काम हा अण्णांचा शिरस्ता होता. आता रात्र खाली काढायची, सगळ्यांनी एका छपराखाली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आम्ही चढायला लागू. अण्णा आणि आई ओसरीवर बसतील. अण्णांजवळ दिवाळी अंक असतील. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी ते आहेतच, आणि आमच्याकडे त्यातला एक तरी गडाच्या पायथ्याशी वाचायचा असतो. आई त्या घरातल्या सुनेबरोबर पावट्याच्या शेंगा सोलत बसेल. आणि दर तासाला अण्णा मान वर करून चोर दरवाज्याच्या वाटेकडे बघतील, एवढं आई न विसरता सांगते.

परवा रात्री मात्र ठरलेला बेत थोडा हलला. जेवणं होत आली होती, अळिवाला पाणी घालून लेक आत आली आणि अण्णांना म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी तोरणा नको. पुरंदर करू."

दादाने ताटावरून मान वर केली. अण्णांनी विचारलं, का गं? ती म्हणाली, संभाजीराजे तिथे जन्मले, सईबाईंची समाधी आम्ही यंदा बघणार, मग पुढच्या वर्षी तिथे जायला नको का? उत्तर चोख होतं, आणि तयार करून आणलेलं होतं हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. भाच्याला राहवलं नाही. "आणि पुरंदरच्या माचीपर्यंत गाडी जाते," तो म्हणाला. लेकीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

अण्णा लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्यासाठी गड निवडायचा नाही, तोरण्याला तुमचं वय आहे, वय निघून जातं. लेक म्हणाली, तोरणा कुठे पळून जातोय? आई मधे पडली, आजोबांना उलट बोलू नये म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. दादा इतका वेळ गप्प होता. त्याने उठून माळ्यावरून अण्णांचे जुने गडावरचे बूट काढले, झटकले, तळवा वाकवून बघितला. तळवा निघाला होता. "हे शिवायला टाकतो उद्या," तो म्हणाला.

अण्णांनी बुटांकडे बघितलं आणि वही उघडली. "नियम म्हणजे नियम," ते लेकीला म्हणाले. "राजगडावरून पुरंदर डोळ्यांनी दिसला तरच. पूर्वेला आहे तो, सुवेळेच्या टोकावरून बघावा लागेल. शेजारी वज्रगड, दोन्ही मिळून ओळखायचे. चुकून भलताच डोंगर दाखवलास तर तोरणा." वहीचं कोरं पान आणि पेन्सिल त्यांनी तिच्यापुढे सरकवली. तिने लिहून घेतलं: सुवेळा माची, पूर्वेकडे, पुरंदर आणि वज्रगड जोडीने, धुकं असलं तर ऊन चढेपर्यंत थांबायचं. मग तिने वर बघून विचारलं, किती वेळ थांबलेलं चालेल, आणि अण्णा म्हणाले, डबा भरलेला आहे ना, मग थांबा हवं तेवढं.